गालांवरचा गेरू

काल कुंड्यांना गेरू लावत होते. त्या ओल्या वासानं मला थेट दिघीच्या धक्क्यावर नेऊन उभं केलं. मी सातआठ वर्षांची, गालगुंडानं दोन्ही गाल टम्म सुजलेले आणि त्यांवर आयनं थापलेला गेरूचा गार लेप.

आय-बाबांची काडीमोड होऊन बरेच दिवस झाले होते. पंचांसमोर काडी मोडली की आमच्यात नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. आय दिघीला, बाबा खाडीपलीकडे आगरदांड्याला, आणि मी होडीनं कधी इकडे, कधी तिकडे. धक्क्यावर दोघं समोरासमोर उभी असली तरी सगळं माझ्या तोंडून चालायचं. कडू शब्द मी वाटेतच जरा गोड करायची. भारी दमायला व्हायचं त्यात.

त्या दिवशी बाबा न्यायला आला. आय म्हणाली, "सांग तुझ्या बापाला, आंबट द्यायचं न्हाय."

मी तोंड उघडायला गेले तर जबडा हलेना. डोळ्यांत पाणी आलं. होडीवाला हाका मारत होता.

आयनं माझ्या डोक्यावरून सरळ बाबाकडे पाहिलं. "आंबट देऊ नको तिला. लेप सुकला की नवा लाव."

"व्हय," बाबा म्हणाला. "पण गेरू न्हाय माझ्याकडं."

तिनं कनवटीची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

होडीत बाबाच्या मांडीवर मी गाढ झोपले. तेव्हा वाटलं, गेरूचाच गुण. आता वाटतं, दोघांना बोलायला निमित्तच हवं होतं.

गाल उतरले, तोंड उघडलं. पण त्यानंतर मला कुणी "सांग" म्हटलं नाही.