चावणारी भांडी

आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब लागेना, म्हणून घरात येणारा प्रत्येक माणूस आठ दिवस वर मान करून उभा होता. ते आठ दिवस आठवले की आजही माझं डोकं फिरतं. वर बघणारे सगळे शहाणे होते, त्यांत मीही होते.

आमचं गाव शिरड शहापूरच्या थोडं अलीकडं. मी हिंगोलीत वाढले आणि लग्न होऊन इथं आले. घरात नवरा, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. धाकटे दीर हिंगोलीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात आहेत, तिथंच राहतात, बोलावलं तरच एखाद्या रविवारी घरी येतात. विजेचं काहीही निघालं की ते दिरांचं काम, हे घरात ठरलेलं. तसंच स्वयंपाक माझा आणि भांडी आत्याबाईंची, हेही ठरलेलं. माझा हात भांड्यांना नीट लागत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि मीही ते खोडून काढायला गेले नाही.

भांडी घासायची जागा स्वयंपाकघराच्या मागं, नळाखाली. तिथं जमिनीत एक लोखंडी गज ठोकलेला होता, वीतभर वर आलेला, आणि त्याला गुंडाळलेली तार भिंतीतून आत गेलेली. हे काय आहे, म्हणून मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

"अर्थिंग हाय. धाकट्यानं ठोकलेली."

अर्थिंग म्हणजे झटका बसू नये म्हणून असते, एवढं मला शाळेपासून माहीत. मी निर्धास्त झाले. आत्याबाई घासलेली परात निथळायला त्याच गजाला टेकवून ठेवायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या हात झटकत आत आल्या. "भांडे चावून राहिले," म्हणाल्या. आम्ही हसलो. शेजारीण म्हणाली, दात पाडा त्या भांड्याचे. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. हाताला मुंग्या येतात, कोपरापर्यंत कळ जाते, परात हातातून सुटते. आणि मग एक दिवस त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुजं मिक्सर घरघर करालं की चावतेत."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते मिक्सर माझ्या माहेरचं. आल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. ठेचा पाट्यावर वाटलेलाच खरा, मिक्सरमधला म्हणजे लगदा, हे मी रोज ऐकत होते. मला वाटलं, आता हा नवा टोमणा काढलाय. तरी मी खरं-खोटं करायला गेले, कारण मी स्वतःला फार न्यायी समजते. दोन दिवस भांडी मी घासली. काहीही चावलं नाही. तसं सगळ्यांसमोर जाहीरही केलं. मी भांड्यांपाशी असताना मिक्सर बंद असणार, कारण घरात मिक्सर लावणारी मी एकटीच, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. शिवाय माझ्या पायात चप्पल होती. आत्याबाई अनवाणी, ओल्या जमिनीवर बसायच्या.

त्याच्या पुढचं सांगायची लाज वाटते, पण सांगते. त्यानंतर त्या भांड्याला बसल्या की मी मुद्दाम मिक्सर लावायची. कूट बारीक झालं तरी फिरवत राहायची. बाहेर परात आपटल्याचा आवाज आला की मनात म्हणायची, करा किती नाटकं करायची ती.

नवरा त्यांना गाडीवर बसवून हिंगोलीला डॉक्टरकडं घेऊन गेला. रक्त तपासलं. साखर जराशी वर निघाली. नसा कमजोर झाल्यात, मुंग्या त्यानंच येतात, असं डॉक्टर म्हणाले. सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या आणि चहातली साखर बंद झाली. आत्याबाईंना चहा गोड लागायचा, चमचा उभा राहील इतका. बिनसाखरेचा चहा पिताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या घरात रोज दोन वेळा कपबशीतून दिली जात होती.

यंदा संक्रांत झाल्यावर एका सकाळी त्यांनी सगळी भांडी पाटीत भरली आणि पुढं, गोठ्याजवळच्या हौदावर जाऊन बसल्या. "म्या तिथं बसनार न्हाई," एवढंच बोलल्या. हौद रस्त्याला लागून. येणारे-जाणारे विचारायचे, काय हो, सुनेनं मागून हाकललं काय? मी त्यांच्याशी भांडले, आठवडाभर अबोला धरला. त्यांनी ऐकलं नाही. मागची जागा ओस पडली.

चैत्रात ऊन कडक झालं आणि स्वयंपाकघरातली ट्यूब धरेना. आधी दोन्ही टोकांना लाल व्हायची, फडफडायची, आणि गप्प बसायची. मिक्सरही रडायला लागलं, तेव्हा तिथला प्लग ढिला झाला असेल म्हणून मी ते बैठकीत नेलं. हळद शिजवायचे दिवस, माणसं पहाटे शेतात जाणार, भाकरी अंधारात थापायच्या. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडं तोंड करून.

नवऱ्यानं आधी स्टार्टर फिरवून पाहिला. मग नवा बसवला. मग ट्यूब बदलली. नवी ट्यूबही तशीच. मग शेजारचे एक काका आले, म्हणाले चोक गेला. चोक बदलला. त्यांनी बटणात टेस्टर घातला, टेस्टर पेटला. "लाईट बराबर येऊन राहिलंय," म्हणाले, "तुमच्या दुकानदारानंच खराब माल देला." नवरा शिरडच्या दुकानात जाऊन भांडून आला. मोबाईलची बॅटरी लावून, तो दातात धरून मी आठ दिवस भाकरी केल्या. तिसऱ्या दिवशी एक भाकरी जळली, तर नवरा म्हणाला, लक्ष कुठं असतं तुझं? त्या वेळी हातात उलथनं होतं. मी ते खाली ठेवलं, हे माझे उपकारच.

रविवारी दीर आले. त्यांनी ट्यूबकडं पाहिलंही नाही. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर घातला. दोन्हीकडं पेटला. पेटायला एकाच भोकात पाहिजे. ते हसले, उठले, मागच्या दारानं बाहेर गेले.

"वहिनी, इथं भांडे घासनं बंद केलं काय?"

"आत्याबाई पुढं बसतात आता," मी म्हणाले.

त्यांनी बादली भरली आणि गजाच्या बुडाशी ओतली. दुसरी बादली ओतली. आत ट्यूब एकदा फडफडली आणि लख्ख लागली. नवरा "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. दीर कमरेवर हात ठेवून आम्हाला समजावायला लागले. लाईट एका तारेनं येतं आणि दुसरीनं परत जातं. स्वयंपाकघराची परतीची तार दोन वर्षांपूर्वी उंदरानं भिंतीत कुरतडली होती. तेव्हा हळदीची घाई होती, नवी तार ओढायला वेळ कुणाला? मग त्यांनी गज ठोकून परतीचं लाईट जमिनीत सोडून दिलं.

"शेतात मोटारीच्या खोपीत आमी असंच करतो ना. बुडाला पानी वतलं की बल्ब फक्क! इथं तर भांड्याच्या पान्यानं कायम ओल. मनून ही जागा धरली."

मी विचारलं, "म्हणजे आतलं सगळं लाईट या गजातून खाली जातं?"

"जातं ना."

"मिक्सरचंही?"

"मिक्सरचं तर जास्तीच."

मी आत गेले, बैठकीतलं मिक्सर आणून पुन्हा जुन्या जागी लावलं, बटण दाबलं आणि ते तसंच घरघरत ठेवून दारात येऊन उभी राहिले. "भाऊजी, चप्पल काढा. त्या ओल्यात बसा. आणि हात लावा गजाला."

"येडं लागलं काय वहिनी? झटका बसंल ना!"

दोन वर्षं. दोन वर्षं ती बाई जे सांगत होती, ते या माणसाच्या तोंडून एका दमात निघालं, आणि आम्ही कुणीही त्याला साखर तपासून ये म्हणालो नाही. मग मी जे तोंड सोडलं, ते गल्लीत ऐकू गेलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, आता कळलं ना, काही झालं तर नाही. काही झालं असतं, तर तूच दहाव्याला बसून सांगितलं असतं की नसा कमजोर होत्या, असं मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. गज तिथल्या तिथं उपटायला लावला. नवी तार ओढून घेतल्याशिवाय दिरांना जेवायला वाढलं नाही. काम अर्ध्या तासात झालं. अर्ध्या तासाचं काम होतं ते!

एवढा राग दोघांवर काढला, कारण उरलेला राग काढायला माणूस मीच होते. गज दिरांनी ठोकला होता, पण बटण रोज माझ्याच हातानं दाबलं जात होतं.

आत्याबाई हौदावर तवा घासत होत्या. सगळं त्यांच्या कानावर गेलेलं होतं. मी जाऊन समोर उकिडवी बसले. चूक झाली म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच, तेही चढ्या आवाजात. "आत्याबाई, एवढं होत होतं तर तुमी वरडल्या काहून न्हाई?"

त्यांनी तवा पालथा घातला. "वरडलेच ना पयले. तुमी समदे हसले," त्या म्हणाल्या. "मंग मलाबी वाटलं, माज्यातच कायतर बिघाड असंल."