तीनशे फुटांवरची मोटर

जानेफळच्या वरच्या आळीतल्या बोअरची मोटर वर काढताना अडकली, त्याला तिसरा दिवस होता. वीस-बावीस घरांचं पाणी त्या एकाच बोअरवर. हर्षल मेकॅनिकने चैन-पुली लावून दोनदा ओढून पाहिलं. पाइप ताणला, मोटर हलली नाही. आणखी जोर लावला आणि पाइप तुटला तर मोटर आतच राहणार आणि बोअर कायमची जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून आळीतल्या भालचंद्र गुरुजींनी दुसरबीडहून अडकलेल्या मोटरी काढणाऱ्या कय्यूमचाचांना बोलावून घेतलं.

चाचा एसटीने आले. पिशवीत एक पाना, बस. त्यांनी पाइपावर तळवा ठेवला, पान्याने हलकेच ठोकलं आणि डोळे मिटून उभे राहिले.

“चाचा, नाडी पाहून राह्यले का?” हर्षल म्हणाला. भोवती जमलेल्या बाया हसल्या.

“थांब बे. तुले वढाची घाई, मले काढाची.”

गुरुजींनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यात एक वाक्प्रचार होता: एखादी गोष्ट आपल्या हाताच्या पाठीसारखी ठाऊक असणं. म्हणजे इतकी ओळखीची, की पाहावीही लागत नाही. वाट, गाव, धंदा, कशालाही लावा, असं ते सांगत. उदाहरण मात्र गाइडमधलं देत, लंडनच्या गल्ल्यांचं. लंडन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज तीनशे फूट खालचा अंधार तळव्याने वाचणाऱ्या माणसापुढे त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

चाचांनी डोळे उघडले. “मोटरीच्या डोक्यावर दगड बसला हाये, गुरुजी. जितकं वढसान तितका फसन. आधी खाली सोडू.”

वर काढायची ती खाली सोडायची? हर्षलचा हात साखळीवरच थांबला. गुरुजींनी ‘सोड’ अशी मान हलवली. मग चैन सैल झाली. चाचांनी पाइप वीतभर खाली दिला, डावीकडे फिरवला, परत फिरवला. खालून दबका आवाज आला, मग पाण्यात काही पडल्याचा.

“आता घे. हळू.”

मोटर वर आली. ती धुऊन, तपासून पुन्हा सोडेपर्यंत ऊन कललं होतं. गढूळ पाणी आलं तेव्हा आळीतल्या गोजरबाई हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे धावल्या.

“आज पिऊ नका, माय,” चाचा म्हणाले. “भांडे धुवा. निवळलं का मंग प्या.”