बाबलीकाकांनी देवाकडे वारा मागितला

बाबलीकाका कोयंडे यांच्याइतका इंजिनाचा दुस्वास मालवणच्या किनाऱ्यावर कुणी केला नसेल. होड्यांना इंजिनं लागली आणि शिडं शिवणाऱ्या काकांवर पर्यटकांच्या बोटींची ताडपत्री छपरं शिवायची पाळी आली. एखाद्याचं डिझेल भर समुद्रात संपल्याची बातमी आली, की त्या दिवशी काका जेवताना एक बांगडा जास्त घेत.

त्यांची मुलगी किशोरी बंगळुरात अवकाशयानं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. एकदा ती फोनवर म्हणाली, "बाबा, आमी शीड करतंव. आकाशात सोडूक."

"डिझेल किती लागात?"

"लागणाच नाय. उन्हाचो रेटो पुरता."

केसाहून पातळ, आरशासारखं शीड. उन्हाचा रेटा इतका हलका, की तळहातावर पडला तरी कळू नये. पण तो थांबत नाही आणि टाकी कधी संपत नाही, म्हणून यान हळूहळू वेग घेत जातं. काकांना यातलं एवढंच कळलं, की अखेर इंजिनाची जिरली. मासळीबाजारात त्यांनी हे अशा थाटात सांगितलं, जणू सूर्य त्यांच्याच कुळातला.

यान सुटायच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे त्याशिवाय काही सुरू होत नाही. एकाने देवाला खणखणीत आवाजात सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. गावाची गाऱ्हाणी नेहमी घालणाऱ्या भाईंनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा! आमच्या किशोरीच्या शिडाक भरपूर वारो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज काकांचा.

"बाबा, थंय वारो नसताच," काकांच्या फोनवरून सगळं ऐकणारी किशोरी खळखळून हसली. काकांनी जीभ चावली. जन्मभर प्रत्येक शिडासाठी वाराच मागितलेला माणूस!

यान वर नीट पोचलं. शीड मात्र अर्धं उघडून अडकलं. ते ताणणाऱ्या चार काठ्यांपैकी एक बाहेर येईना. ती आली नाही तर यान गरगरत खाली येऊन जळणार, आणि त्याबरोबर किशोरीची सगळी वर्षंही.

"हलवन बघ," काका फोनवर म्हणाले.

"बघलव."

"उन्हात धर. दोरी सैल जाता."

"ताय केला, बाबा."

"मगे कोणाक तरी डोलकाठयेर चढव!"

शीड अडकलं की दातांत सुरी धरून डोलकाठीवर चढायचं, हा काकांचा जन्माचा उपाय. इथे काठी होती, शीड होतं, चढणार कुठून?

ते तडक भाईंकडे गेले. "भाई, गाऱ्हाणा बदल. देव वारो शोधीत बसलो असतलो."

"बाबल्या, ता काय रेशनकार्ड आसा, नाव बदलूक?" भाई म्हणाले. पण काकांचं तोंड पाहून उठले. "बरा, चल. काय मागूया?"

काकांनी तोंड उघडलं. ऊन? ते तर रग्गड होतं. मग काय? "काय मागूचा ता किशोरीक पण म्हायत नाय रे," ते म्हणाले. दोघे देवळाच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी भाईंनी नुसती घंटा वाजवली.

काठी सोडवायचा शेवटचा प्रयत्न एका संध्याकाळी झाला. सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात यान मालवणवरून जाणार होतं. काका जेटीवर फोन धरून उभे.

"बाबा, शीड उघाडला असात तर एकसारखा चमकात, लुकलुकाचा नाय."

ठिपका वर आला. लखलखला. विझला. पुन्हा लखलखला. वारा न धरणारं शीड फडफडतं, अगदी तसा.

"दिसला?"

"दिसला गो."

"कसा?"

काकांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "किशोरी, तुझी काय एक चूक नाय गो. देवाकडे वारो मी मागलंय."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "व्हय म्हाराजा."

ठिपका लुकलुकत समुद्रातल्या किल्ल्यापलीकडे उतरला. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.