बाबांचं एकेक अक्षर

आधीच सांगते, हसायचं नाही! असे काय दिवे लावलेत ना मी, की आठवलं तरी कान गरम होतात.

आमची आई पालिकेच्या शाळेत बाई. यंदा रिटायर होणार. मी वेबसाइट बनवणारी. म्हटलं, एक पान बनवू. सगळ्यांनी त्यावर निरोप लिहायचे आणि समारंभात आईने ते वाचायचे. नेरूळच्या घरी बसून एका संध्याकाळी बनवून टाकलं.

निरोप धडाधड आले. एकटे बाबा राहिले.

"बाबा, झालं का?"

"चालू आहे गं."

तीन दिवस हेच! आतेभाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या पानावर टाइपच होत नाही. मी दुसरीकडे लिहून चिकटवलं." मी म्हटलं, "तुझा फोनच डबडा आहे!"

त्यात त्याच आठवड्यात ऑफिसात नव्या पोरांसमोर मी भाषण ठोकलेलं. "पानावर जेवढं बदललं, तेवढंच नव्याने बनवायचं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कोणी अख्खा स्वयंपाक परत करतं का?" टाळ्या पडल्या हो!

समारंभ उद्यावर आला, तशी मी बाबांवर उखडलेच. "इतक्या वर्षांचा संसार, आणि चार ओळी सुचत नाहीत तुम्हाला?"

बाबा हळूच म्हणाले, "सुचतंय गं. पण तुझ्या पानाची पद्धत वेगळी आहे ना? एक अक्षर टाकलं की कीबोर्ड गायब. परत चौकटीत बोट लावायचं, मग पुढचं. 'माझी' लिहायला चार वेळा बोट लावलं. पण जमतंय हां आता!"

मी फोन घेतला. बघते तर काय! एक अक्षर टाकलं की माझं पान अख्खी चौकट पुसून नवी बनवत होतं. म्हणजे बाकीच्यांनीही आतेभावासारखंच दुसरीकडे लिहून चिकटवलेलं! चिमूटभर मिठासाठी अख्खा स्वयंपाक!

"अहो, मग मला बोललात का नाही?"

"तू बनवलंयस म्हटल्यावर माझ्याच बोटांची चूक असणार ना!"

खरं सांगते, मला रडूच आलं. आयुष्यभर कंपनीत फिटरकी केलेली ती जाड बोटं, तीन दिवस माझ्या चुकीशी झटत होती. मी पाच मिनिटांत दुरुस्त केलं. बाबांनी एका बैठकीत सगळं लिहिलं, मला काही वाचू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने माइकवर वाचलं, "माझी बाई, इतकी पोरं शिकवून शहाणी केलीस. आपलीच एक जरा कच्ची राहिली. पण चूक दाखवली की लगेच सुधारते. पास कर तिला."

अख्खा हॉल माझ्याकडे वळून हसायला लागला.

आई डोळे पुसत माइकवरच म्हणाली, "करते. पण ग्रेस मार्कांवर हं!"