पाहुण्यांसाठी थांबलेली गिरणी

बातमी आली तेव्हा मी भूमच्या कोर्टात होते. जेवणाच्या सुट्टीत उस्मानाबादहून एसटीनं आलेला एक पक्षकार बाजारभाव सांगावा तसं सांगून गेला, "तुमचे वकीलसाहेब गेले की हो पहाटं." मी हातातला चहा संपवला. दुपारी वाटणीच्या दाव्यात उलटतपासणी होती, तीही पुरी केली. काय दगडाची बाई आहे, असं लोकांना वाटलं असेल. पण काम मध्येच टाकून आलेलं माणिकरावांना कधी खपलं नव्हतं, आणि ज्यांनी मला कोर्टात उभं राहायला शिकवलं त्यांच्यासाठी त्या दुपारी मी दुसरं काय करणार होते... संध्याकाळी उस्मानाबादला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

मी त्यांच्याकडं ज्युनियर म्हणून लागले ती दुसऱ्या कुणी घेतलं नाही म्हणून. काळा कोट घातलेली बाई बघायला तेव्हा लोक स्वतःची तारीख नसतानाही यायचे. माणिकराव म्हणाले, "बघू द्या की. आमी पहिल्यांदा कोट घातला तवाबी असंच बघाय आल्ते." त्यांचे वडील छप्पन साली बौद्ध झालेले, दुसऱ्याच्या रानात राबणारे, घरात कॉलेज बघितलेले हे पहिलेच. ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी शांताताई लोकांचे कपडे शिवायच्या. घर वकिलीपेक्षा शिवणावर चालतं, हे ते स्वतःच हसत सांगत. कुणी अशील आलं की शांताताई मशीन थांबवायच्या, आवाजाचा त्रास नको म्हणून. पुढं त्यांनी हे मशीन थांबवणं सोडलं, आणि ते का सोडलं हे सांगायचं तर तेलगिरणीची गोष्ट सांगावी लागेल.

नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून ही सहकारी गिरणी होती. नाव लिहीत नाही. सभासद अजून आहेत. आसपासच्या गावांनी शेअर गोळा करून उभारलेली. करडई, शेंगा तिथं गाळायच्या, तेल विकायचं, पेंड जनावरांना न्यायची. बहात्तरच्या दुष्काळानं तिचं कंबरडं मोडलं. नंतर एखादं साल बरं गेलं की पुढचं पुन्हा कोरडं, असं करत करत बँकेचे हप्ते थकत गेले. शेवटी सहकार खात्यानं तज्ज्ञांची समिती नेमली. गिरणी सावरण्यासारखी आहे की मोडीत काढायची, हे त्यांनी ठरवायचं होतं. समितीत एक इंजिनियर, एक हिशेबतपासनीस आणि एक बँकेचा माणूस.

समिती येणार म्हटल्यावर गावानं जे केलं ते आपल्याकडचीच माणसं करू जाणोत. गिरणीचे अध्यक्ष नाना, पाहुणचाराला एक नंबर. त्यांनी हुकूम सोडला, "साहेब लोक लांबून येनार. ती घरघर अन् ती धूळ त्येंच्या डोक्याला कशाला? आजच्या दिस गिरणी बंद ठिवा." यंत्रं धुऊन-पुसून चकचकीत केली, त्यांना हळदकुंकू वाहिलं, दाराला आंब्याचं तोरण बांधलं. कामगार धुतलेले कपडे घालून ओळीनं उभे राहिले. पुरणपोळीचं जेवण झालं, नारळ-टोपी झाली, साहेब तृप्त होऊन गेले. मग अहवाल आला. पाहणीच्या वेळी गिरणी बंद होती, कामगार रिकामे उभे होते, यंत्रं चालतात याचा पुरावा दिसला नाही. सबब गिरणी मोडीत काढून बँकेची वसुली करावी. पाठोपाठ तसा हुकूमही निघाला.

नाना ऑफिसात आले ते बोलता बोलता रडायलाच लागले. "साहेब, आमी त्येंना मान दिला, अन् त्येंनी आमाला रिकामटेकडं लिवलं." माणिकरावांनी हुकमाचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग एवढंच म्हणाले, "नाना, मुंबईला जावं लागंल."

हायकोर्ट तेव्हा मुंबईलाच. एसटीनं सोलापूर, तिथून गाडी. पाण्याची सुरई मांडीवर घेऊन आम्ही गेलो. बँकेच्या बड्या वकिलांचं म्हणणं सोपं होतं. हा तज्ज्ञांचा निर्णय आहे, तेलगिरणीतलं न्यायालयाला काय कळतं? न्यायमूर्ती म्हणाले, बरोबर आहे, आम्हाला कळत नाही. मग त्यांनी माणिकरावांना विचारलं, गिरणी त्या दिवशी बंद होती हे खरं का?

"खरं आहे."

"का बंद होती?"

"पाहुणे आले म्हणून."

कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्ती मात्र हसले नाहीत. त्यांनी बँकेच्या वकिलांकडं वळून विचारलं, गिरणी बंद का आहे, हे समितीनं या लोकांना विचारलं होतं का? विचारलं नव्हतं. अहवालही त्यांना आधी दाखवला नव्हता. तेवढ्यावर हुकूम रद्द झाला. गिरणी ठेवायची की मोडायची हे आम्ही ठरवणार नाही, ते समितीचंच काम. पण अहवाल सभासदांच्या हाती द्या, त्यांचं म्हणणं ऐका आणि मग ठरवा, असा निकाल लागला.

गावात गुलाल उधळला. माणिकरावांपुढं पेढ्यांचा पुडा ठेवला तर ते म्हणाले, "नाना, गिरणी अजून वाचली न्हाय. त्येंनी आपलं ऐकावं, एवढंच मिळालंय." पण गुलालात कोण असलं ऐकतंय!

समिती दुसऱ्यांदा आली ते साल पुन्हा कोरडं निघालं. गिरणीत गाळायला दाणा नव्हता, आणि या खेपेला गिरणी बंद दिसता कामा नये, हे गावानं मनावर घेतलेलं. आम्ही पोचलो तेव्हा लांबूनच घरघर ऐकू आली. मला आनंद झाला. माणिकराव मात्र बैलगाड्यांतून उतरणाऱ्या गाठोड्यांकडं बघत होते. त्यांनी एका म्हातारीला विचारलं, "मावशी, ही करडई कुठली?" ती म्हणाली, "पेरायला ठिवल्याली हाय बाबा. गिरणी ऱ्हायली तर पेरायचं." घराघरातलं बियाणं त्या दिवशी गाळलं जात होतं. माणिकरावांनी डोक्याला हात लावला. तसं हताश मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

समितीनं या वेळी खरंच ऐकलं. इंजिनियर म्हातारा आणि भला माणूस होता. यंत्राला हात लावून म्हणाला, यंत्रं उत्तम आहेत, हे मी लिहीन. मग त्यानं नानांना विचारलं, "पण पुढच्या आठवड्यात काय गाळणार?" सभासदांचं सगळं म्हणणं नव्या अहवालात आलं, बंद गिरणीचं कारणही आलं, आणि शेवटी निर्णय तोच आला... मोडीत काढा.

नाना पुन्हा मुंबईला निघाले होते. माणिकरावांनी नाही म्हटलं. "पहिल्यांदा त्येंनी ऐकलंच नव्हतं, म्हणून आपुन गेलो. आता ऐकलंय. पटलं न्हाय, एवढ्यावर कोर्ट काय करणार? अन् बँकेत पैसा कुणाचा हाय, नाना? तुमच्याच गावांचा. जितकं लांबवाल तितकं व्याज वाढंल, कामगारांच्या पगाराला काय बी उरणार न्हाय." नाना उठून गेले. साहेब बँकेला फितूर झाले, असं बाजारात बोललं गेलं. आपला माणूस वकील करायला पाहिजे होता, असंही बोललं गेलं. 'आपला' म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळलं.

मीही भांडले. हायकोर्टात पुन्हा रिट टाकलं असतं तर हुकमाला स्थगिती मिळाली असती, सहा-आठ महिने निघाले असते, तोवर पाऊस झाला असता. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "पावसाच्या भरवशावर रिट टाकता येत न्हाय, बाई."

पुढच्या साली पाऊस झाला. करडई अशी आली की हायवेवरचे ट्रकवाले गाड्या थांबवून बघायचे. गिरणीची यंत्रं तोवर लिलावात गेली होती. करडई सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी म्हणेल त्या भावानं उचलली. माणिकराव तो रस्ता टाळायला लागले. नळदुर्गची तारीख असली की मला पाठवायचे. ते कायद्यानं बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. आजही मला वाटतं की रिट टाकायला हवं होतं. हे भांडण आमच्यात कधी मिटलं नाही, आणि आता मिटायचंही नाही.

मुंबईहून आल्यावर त्यांनी घरात एक नियम केला होता. कुणीही येऊ दे, मोठा साहेब येऊ दे, शांताताईंनी मशीन थांबवायची नाही. टायपिस्टलाही तेच सांगितलेलं. आलेल्या माणसाला ओरडून बोलावं लागायचं. मला त्या खडखडाटाचा वैताग यायचा. "काम चालू असल्यालं दिसू द्या," ते म्हणायचे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर, गर्दी ओसरल्यावर, परवा मी पुन्हा गेले. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांची खुर्ची होती तशीच होती. आतून मशीनचा आवाज येत होता. मला दारात बघून शांताताईंचे डोळे भरून आले, पण पायडलवरचे पाय थांबले नाहीत.

"बसा बाई," त्या म्हणाल्या, "एवढी शिलाई होऊ द्या."

मी जमिनीवरच बसले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की रिळावरचा दोरा कधीच संपलाय. सुई नुसतीच कापडाला भोकं पाडत पुढं चालली होती. शांताताई मान खाली घालून मशीन चालवत राहिल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.