येते म्हणायचं नाय

बजाजनगरच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या त्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं आणि दर सोमवारी त्यांच्यापुढं हात पसरून बसायची पाळी आली. बीपीनं किडनीला, लिव्हरला इजा होतेय का, ते त्या रक्तातून कळणार होतं. माझा जीव थाऱ्यावर नसे. त्या मात्र सुई टोचताना कांद्याच्या भावापासून सुनेच्या भाकरीपर्यंत अखंड बोलत.

पहिल्या दिवशी निघताना मी सवयीनं "येते" म्हणाले, तर खेकसल्याच. "इथून निघताना येते म्हणायचं नाय. जाते म्हण!" घरी तसं म्हटलं असतं तर सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला असता.

काल कांद्याचा विषयच निघाला नाही. माझ्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला आणि पडलेल्या खळग्याकडं बघत राहिल्या.

"डोकं दुखतंय? डोळ्यांपुढं काजवे?"

"व्हय."

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. मग सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "घरी नेऊ नका. सरळ दवाखान्यात न्या."

मी उठले. "जाते," म्हणाले.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आज येते म्हण, माय."