आपण म्हणजे कोण?

आमच्या डॉक्टरांइतका वेळखाऊ डॉक्टर साऱ्या पुण्यात झाला नसेल. हडपसरला गाडीतळाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात सर्दी घेऊन गेलेला माणूस नंबर लागेपर्यंत बरा होऊन घरी परतायचा. कारण आत बसलेल्या पेशंटला आपला आजार पुरता कळल्याशिवाय आणि उपाय पसंत पडल्याशिवाय डॉक्टर पेनचं टोपण काढत नसत. एकदा जवळच्या मांजरी गावचा एक बागाईतदार दुखरा गुडघा घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "तुमीच काय ते ठरवा, डाक्टर." डॉक्टर म्हणाले, "गुडघा कुणाचा हाय? उसाला पाणी कधी सोडायचं तेही मीच ठरवू का?" पाऊण तासाने तो ठरवूनच उठला, आणि बाहेर ताटकळलेल्या आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं.

'आपण' या शब्दाशी तर त्यांचं हाडवैर होतं. मोठ्या हॉस्पिटलातला एखादा तज्ज्ञ फोनवर "आपण ऑपरेशन करून टाकू" म्हणाला, की यांची डावी भुवई वर चढे. "आपण म्हणजे कोण? टेबलावर तुम्ही झोपणार आहात का?" पलीकडून फोन आपटला जाई, आणि त्या खुशीत ते मला चहा पाजत. असाच एकदा चहा पिताना म्हणाले, "माझी वेळ येईल तेव्हा हे तुम्ही विचारायचं. मला बोलता येईलच असं नाही. नळ्या लावून पडायचं नाही मला." मी हसत हसत हो म्हटलं.

वेळ आली. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, श्वास जड झाला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सही करायला पुतण्या आला. मी खाटेशी उभा होतो. एक तरुण डॉक्टर फाईल चाळत आला आणि खाटेकडे न बघताच पुतण्याला म्हणाला, "रिस्क नको. आपण व्हेंटिलेटरवर घेऊ." आमचे डॉक्टर शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावी भुवई वर चढवली. प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण पुतण्या सख्खा, मी पडलो परका, चारचौघांत कसं बोलायचं? मी चष्मा काढून पुसत राहिलो. सही झाली. अकरा दिवस नळ्यांत पडून ते गेले. सगळं नियमाप्रमाणे झालं म्हणे. नियमांचं काही चुकलं नाही. चुकलो मी, आणि त्याबद्दल मला कुणी जाबही विचारला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूचा डॉक्टर म्हणाला, "आपण पुढच्या आठवड्यात करून टाकू." माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण म्हणजे कोण?" तो बिचारा गोंधळला. "सॉरी काका," म्हणत खुर्ची ओढून समोर बसला आणि मला सगळं नीट समजावून सांगू लागला.

इतकं सोपं होतं ते. पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही.